चार वाजताची दोतोर्न

आई,

तुझी वही वाळवीनं खाल्लेली नाही. पदेराच्या मुलीला गेल्या आठवड्यात फोनवर मी तसं सांगितलं खरं, पण वही धडधाकट आहे. आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तूच घातलेलं खाकी कागदाचं कव्हर, त्यावर तुझ्या अक्षरात ‘दोतोर्न’ आणि खाली तिचं नाव. तिचं, माझं नव्हे. जन्मभर तू शाळेतल्या मुलांच्या वह्यांवर नावं घालून दिलीस, आणि घरी मी माझी वही पुढे केली की म्हणायचीस, "तुजें तूंच बरय. तुका येता." मी माझं मीच लिहायचे. त्यामुळे तुझ्या हातचं माझं नाव माझ्याकडे कुठेच नाही. आणि आता एकसष्टाव्या वर्षी, दोन नातवंडांची आजी झाल्यावर, एका पाव भाजणाऱ्याच्या मुलीची शंभर पानी वही मला परत करवत नाही.

वही तिनंच आणून दिली. एप्रिलात आली होती, पेडण्याहून म्हापशाला, तिथं बस बदलून इकडे डिचोलीला, गुडघे दुखत असताना. पिशवीत भावाच्या भट्टीतल्या पोयी होत्या, आणि त्या पावांच्या खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ही. "बाईंची शाई उडत चल्ल्या," म्हणाली. "तुजें अक्षर हुबेहूब बाईंचें. एक नवी बरोवन दी, भुरग्यांक वाचूंक. जुनी माका परत जाय हां." तीस वर्षं झाली, आपल्या गावच्या कपेलात, त्या छोट्या चर्चमध्ये, दर रविवारी ती मुलांना दोतोर्न शिकवते. त्यांच्या धर्माची शिकवण. एक प्रश्न, त्याचं उत्तर, मग पुढचा प्रश्न. जूनमध्ये शाळा उघडली की तिचाही वर्ग उघडतो. मी आठ दिवसांत नक्कल पुरी केली. मग मे महिनाभर तिला सांगत राहिले की चष्मा बदलायचाय, नातू आलाय, अजून थोडी राहिलीय. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा वाळवीला पुढे केलं.

तिची आई आपल्या मागच्या दारी आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आम्ही दोघी तिसरीत, तुझ्याच वर्गात. तिच्या आईच्या हातात पातळसं पुस्तक होतं आणि कोपरापर्यंत पीठ होतं. "बाई, पाद्री म्हणता, चेडवाक दोतोर्न आयली ना जाल्यार कुमगार मेळचो ना. माका वाचूंक येना." कुमगार म्हणजे त्यांच्या मुलांना देवाचा प्रसाद पहिल्यांदा मिळतो तो दिवस, पांढरा झगा आणि हातात मेणबत्ती, इतकंच मला त्या वयात कळलं होतं. पुस्तक कोकणीच, पण रोमन अक्षरांतलं. मुलगी आपल्या मराठी शाळेतली, तिला ती अक्षरं लागत नव्हती, आणि शिकवणारी सिस्टर गावात यायची महिन्यातून एकदा. तू लहानपणी डिचोलीला दोन वर्षं पोर्तुगीज शाळेत बसलेली, तुला रोमन वाचता यायचं. तू पुस्तक चाळलंस आणि म्हणालीस, "हें तर सगळें प्रस्न आनी उत्तरां. आमचे उजळणेसारखें." मग रोज संध्याकाळी बसून तू ते सगळं देवनागरीत उतरवलंस. पेनात शाई मी भरायचे, टीपकागद मी धरायचे. पहिले दोन दिवस मला वाटत होतं की ही नवी वही माझ्यासाठी चाललीय.

शाळेत हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी तुला विचारलं, बाई, हे काय नवीन. तू म्हणालीस, "सर, पाढे खंयच्या धर्माचे?" ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. वर्गात सगळ्यांना वाटला. पण मला मनात एकच दिसत होतं, की आपल्या स्वयंपाकघरातला फणसाच्या लाकडाचा पाट, ज्यावर दुपारच्या चहाला मी बसायचे, तो आता चार वाजता तिच्यासाठी मांडला जातो.

चार वाजलेत. तू शाळेतून येऊन पाय धुतलेस, चहाचं आधण ठेवलंस. मागच्या दारातून ती येते, पावांची फडक्यात बांधलेली पुरचुंडी तुझ्यासमोर ठेवते, पाटावर मांडी घालून बसते. तिच्या अंगाला भट्टीचा धूर आणि पावाचं पीठ फुगवायच्या ताडीचा आंबूस वास. मी तुझ्या पाठीमागे सुपात तांदूळ निवडतेय. तू वही उघडतेस, पण बघत नाहीस, तुलाही सगळं पाठ झालंय. "तुका कोणें रचलें?" तू विचारतेस. "माका देवान रचलें," ती सांगते, पाढ्यांच्या चालीवर, शेवटचा शब्द वर चढवून. "देव खंय आसा?" "देव सगळेकडेन आसा." तू तळहातानं जमिनीवर हलकेच ताल धरतेस. ती चुकली तर तू रागवत नाहीस. "परत म्हण बाय," म्हणतेस. बाय. मला तू कधी बाय म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मी आठवायचा फार प्रयत्न केलाय.

तुझा आवाज त्या वेळी वेगळा असायचा, आई. प्रश्न विचारून तू थांबायचीस. उत्तर तुला ठाऊक, तिला ठाऊक, मलाही ठाऊक, तरी तू ते पहिल्यांदाच ऐकणार असल्यासारखी तिच्याकडे बघत राहायचीस. मी पुढे पस्तीस वर्षं मास्तरकी केली, बदल्यांच्या निमित्तानं सत्तरी, डिचोली, पेडणे सगळे तालुके पालथे घातले. मला आता कळतं की ती दोतोर्न नुसतं पाठांतर नव्हती. एक मोठं माणूस रोज एका लहान मुलासमोर बसतं आणि विचारतं, तुला कोणी निर्माण केलं, तू कशासाठी आहेस, मरशील तेव्हा कुठे जाशील. उत्तर ठरलेलं असेना का, विचारलं तर जातं. त्या मुलाला वाटणारच की माझं काहीतरी मोल आहे. माझ्या मते त्यांची श्रद्धा अशीच मुरते; उत्तरं पुढे विसरली तरी विचारणारा आवाज कानात राहतो.

आणि मला कोण विचारत होतं? वर्गात मी पहिल्या बाकावर. तू प्रश्न टाकलास की माझा हात आधी वर. तुझी नजर माझ्या बोटांवरून जायची आणि मागच्या बाकावर थांबायची. "तूं बस, तुका येता." बाईंनी आपल्या मुलीला पुढे केलं असं कोणी म्हणू नये, हा तुझा बाणा. सगळ्या गावानं तुझ्या त्या बाण्याचं कौतुक केलं. चौथी पास होईपर्यंत तू मला एक प्रश्न विचारला नाहीस. एकदा मी हात खाली न घेता तशीच उत्तर बोलून गेले, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुका कोणें विचारलां गो?" मुलं हसली. पदेराची मुलगी तेवढी हसली नाही, याचाही मला राग आला.

म्हणून मी तुझ्या पाठीमागे बसून सगळी दोतोर्न पाठ केली, तिच्या आधी. ती अडली की मी सूप खाली ठेवून ओठांनी पहिला शब्द दाखवायचे. तिची नजर तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे यायची, शब्द उचलायची आणि परत जायची. तिला मदत करावी म्हणून नव्हतं ते. तू कधीतरी मागे वळशील आणि बघशील की उत्तर कुठून येतंय, म्हणून होतं. तू वळली नाहीस. तिला मात्र सवय लागली. अडण्याआधीच ती माझ्याकडे बघू लागली.

परीक्षेच्या दिवशी तू आम्हा दोघींना कपेलात घेऊन गेलीस. मोठ्या इगर्जीतून, मुख्य चर्चमधून, म्हातारे पाद्री आले होते, बारीक, हळू बोलणारे. मुलं बाकावर ओळीनं. तू तिच्या आईशेजारी मागे उभी राहिलीस, मी बाहेर, गज असलेल्या खिडकीशी, तिच्या बरोबर समोर. मला वाटलं होतं पाद्री पहिल्यापासून विचारतील, तू विचारायचीस तसे. त्यांनी तिला एकदम मधलाच विचारला. "साक्रामेंत कितले, बाय?" साक्रामेंत म्हणजे त्यांचे संस्कार. तू तिला समजावून सांगितलं होतंस, आमचे सोळा, तुमचे सात. ती उभी राहिली आणि पुटपुटू लागली, "माका देवान रचलें, देव सगळेकडेन आसा..." पाद्री म्हणाले, "तें न्हय, हांवें विचारलां तें सांग." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मुलं खुसखुसली. तेव्हा तिनं मान वर करून खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं.

एकच शब्द होता. मी मान वळवली आणि बाहेर बघत राहिले. फणसाला टेकवून तिच्या बापाची सायकल उभी होती, तिला पावांची टोपली आणि रबरी भोंगा. मी त्या भोंग्याकडे बराच वेळ बघितलं. परत वळले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती, रडत नव्हती. पाद्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फुडल्या वर्सा, बाय. घाय ना."

घरी चहा ठेवलास आणि घेतला नाहीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "चूक म्हजी. पाढे शिकयता तशें शिकयलें. मदलें विचारलें जाल्यार ताणें कशें सांगचें?" मी तांदळात बोटं फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी तू संध्याकाळी तिच्या घरी गेलीस, तिच्या आईची माफी मागितलीस. शाळेतली बाई पदेराच्या दारात उभी राहून माफी मागतेय हे गावानं बघितलं. आल्यावर तू कागदाच्या चिठ्ठ्या कापल्यास, प्रत्येकीवर एक आकडा, आणि बिस्किटांच्या डब्यात टाकल्यास. ती चिठ्ठी काढणार आणि त्या आकड्याचा प्रश्न तू विचारणार. असं आणखी वर्षभर. मी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि त्याचं फळ काय, तर तिला आपल्या स्वयंपाकघरात चार वाजताचं अख्खं दुसरं वर्ष मिळालं. शिवाय तिचा म्हापशाला शिवलेला पांढरा झगा वर्षभरात आखूड झाला, तर तू तुझ्या पांढऱ्या पातळाचा काठ काढून त्याला खालून जोड दिलास. त्या पातळाची मला बाहुलीसाठी चिंधी हवी होती. तू म्हणाली होतीस, मागीर बघूया.

पुढच्या वर्षी तिला सगळं आलं, उलटसुलट कसंही विचारलं तरी. कुमगाराच्या दिवशी तू कपेलाच्या पायरीवर चपला काढल्यास. देवळात काढतात तशा. तिथं कोणी काढत नाही हे तुला माहीत नव्हतं, आणि एवढ्या माणसांत तुझ्या एकटीच्याच चपला पायरीवर राहिल्या. मला तू म्हणालीस, हांगा बस, चपलांचेर लक्ष दी. मी बसले. आतून गाण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर ती आधी तुझ्याकडे आली, मग तिच्या आईकडे. तू तिच्या तोंडावरून हात फिरवलास. तिच्या बापानं माझ्यासाठी कडक पावाच्या कांकणांची माळ आणली होती, दोऱ्यात ओवलेली, बांगड्यांएवढी. मी ती खाल्ली नाही. आठवडाभर खुंटीवर लोंबत होती, मग तूच चहात बुडवून संपवलीस.

तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. शेवटच्या वर्षात तुला माणसं नीट ओळखू येत नव्हती. मला कधी तुझी बहीण समजायचीस, कधी शाळेची शिपाईण. ती मात्र संध्याकाळी भट्टीचं काम आटोपून यायची, खाटेशी बसायची, आणि तिचा वास आला की तुझं तोंड उजळायचं. "तुका कोणें रचलें?" तू विचारायचीस. ती तुझा हात हातात घेऊन सांगायची. सगळी वही तुम्ही दोघी म्हणायच्यात. मी दारात चहाचे कप घेऊन उभी. तुझी शी-मू मी काढत होते, तुला भरवत होते, आणि तू विचारत होतीस तिला. मी तिला एकदा चिडून म्हटलंही, तू येतेस म्हणून आई रात्री झोपत नाही. खोटं होतं. ती चार दिवस आली नाही. तू चार दिवस दाराकडे बघत राहिलीस.

पाचव्या दिवशी तू हाक मारलीस, "आयलें गो बाय?" घरात मी एकटीच होते. मी खाटेशी बसले आणि म्हटलं, "आयलें." तू विचारलंस, "तुका कोणें रचलें?" मी सांगितलं. तू जमिनीवर धरायचीस तसा चादरीवर ताल धरलास. मी एकही चुकले नाही, आई. तू प्रत्येक उत्तराला मान हलवलीस. शेवटी म्हणालीस, "शाबास, बाय." आयुष्यात पहिल्यांदा तू मला बाय म्हणालीस आणि ती मी नव्हतेच. मग तू वहीत नसलेला प्रश्न विचारलास, माझ्याबद्दलचा. "आमचें चेडूं खंय गेलां?" मी म्हटलं, "आसा भायर. तुमी ताका कित्याक विचारिनात, बाई?" तू डोळे मिटलेस. "ताका कित्याक विचारूं?" म्हणालीस. "ताका सगळें येता."

मी त्या वाक्यावर बावीस वर्षं काढली. कधी वाटलं की हीच तुझी शाबासकी. पण खरं सांगते, बहुतेक दिवस रागच आला. येत असलेल्यालाही विचारायचं असतं, आई. त्या पुस्तकातले प्रश्न तरी कुणासाठी होते, उत्तर ठाऊक नसलेल्यांसाठी थोडेच.

नक्कल करताना मी या वहीचं पान न् पान तपासलं. समासात कुठे माझ्याबद्दल काही असेल, पेन्सिलीची एखादी खूण, काहीतरी. काही नाही. एका पानावर चहाचा डाग आहे, आणि टीपकागद सरकून शाई फरफटलीय तेवढी जागा बहुधा माझी. फोनवर तिला वाळवीचं सांगताना मी सबबी तयार ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "जांव दी गो. बाईंचें, तुजेकडेन गेलें. माका तोंडपाठ आसा." तिनं मला त्या खिडकीबद्दल कधी विचारलं नाही, तुलाही सांगितलं नाही, शेवटपर्यंत, रोज तुझा हात हातात असताना. सांगितलं असतं तर मला तिचा मत्सर करायला जरा बरं वाटलं असतं.

उद्या शनिवार. नवी वही न्यायला ती येणार आहे. मी जुनी तिच्या पिशवीत घालणार आहे, मुलांसाठी नकलेची झेरॉक्स देणार आहे, आणि नक्कल ठेवून घेणार आहे, माझ्याच अक्षरातली, वर नाव नसलेली. वाळवीचं खोटं होतं तेही कबूल करीन, ती हसेल. खिडकीचं तिला सांगणार नाही. तिला ते ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते तुला. तू चूक तुझी म्हणून पदेराच्या दारात उभी राहिलीस आणि तेच मनात घेऊन गेलीस. हे पत्र कपाटात कपड्यांखाली राहील, पाठवायला ठिकाण नाही. पण तू मला कधी विचारलं नाहीस ते मीच सांगून टाकते. साक्रामेंत सात. त्या दिवशी खिडकीत मला येत होतं.